सीटी स्कॅनमध्ये यकृताविषयी मिळणाऱ्या अनपेक्षित नोंदी : खानदेशच्या संदर्भात अर्थ व महत्त्व

प्रस्तावना

पोटदुखी, मूतखडा, अपघात किंवा दीर्घकाळचा खोकला अशा कारणांनी सीटी स्कॅन केला असता मूळ तक्रारीशी संबंध नसलेली एखादी नोंद यकृताविषयी मिळते. ज्याच्या शोधासाठी तपासणी केलेली नव्हती तेच हाती लागणे, यास ‘अनपेक्षित आढळ’ असे म्हणता येईल. कोविड-१९ च्या काळात, म्हणजे २०२० व २०२१ मध्ये, जळगाव व धुळे जिल्ह्यांत छातीच्या एचआरसीटी तपासण्या मोठ्या प्रमाणावर झाल्या. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने या तपासणीचे कमाल दर यंत्राच्या क्षमतेनुसार २,००० ते ३,००० रुपये असे निश्चित केले होते. छातीच्या या चित्रांत यकृताचा वरचा भाग आपोआप टिपला जातो. त्यामुळे फुप्फुसांसाठी गेलेला रुग्ण यकृताचा प्रश्न घेऊन परतला, असेही घडले.

हा अहवाल इंग्रजीत असतो आणि खेड्यातील नातलग तो पुष्कळदा घरातील किंवा ओळखीच्या प्राध्यापकाकडे वाचून घेण्यासाठी आणतात. अशा वेळी दोन टोकांच्या चुका संभवतात. ‘लीजन’ हा शब्द दिसताच कर्करोगाची धास्ती घेतली जाते, तर ‘फॅटी लिव्हर’ ही नोंद ‘सर्वांनाच असते’ म्हणून सोडून दिली जाते. वस्तुतः या दोहोंपैकी दुसरी नोंदच पुष्कळदा अधिक विचार करण्याजोगी असते. प्रस्तुत लेखात या विसंगतीचे स्पष्टीकरण केले आहे.

तपासणीचे स्वरूप

सीटी स्कॅनने रुग्णाची पहिली तपासणी १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात झाली. या शोधासाठी गॉडफ्रे हाउन्सफील्ड व अ‍ॅलन कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ऊती क्ष-किरण किती शोषते, हे हाउन्सफील्ड यांच्या नावाच्या एककात मोजले जाते. पाणी ० व हवा उणे १,००० धरली जाते. रंगद्रव्य न देता घेतलेल्या चित्रात निरोगी यकृताचे मूल्य साधारण ५० ते ६५ असते. साध्या पाण्याच्या गाठीचे मूल्य पाण्याच्या जवळ, म्हणजे ० ते २० च्या दरम्यान असते. यकृताचे मूल्य ४० च्या खाली गेल्यास त्यात लक्षणीय चरबी साठल्याचे सूचित होते. सौम्य प्रमाणातील चरबी मात्र या तपासणीत सुटू शकते.

बहुधा निरुपद्रवी असलेल्या गाठी

अनपेक्षितपणे सापडणाऱ्या गाठींपैकी बहुसंख्य निरुपद्रवी असतात. साधी पाण्याची गाठ लक्षणे नसल्यास तशीच सोडता येते. हिमँजिओमा ही रक्तवाहिन्यांची गाठ यकृतातील सौम्य गाठींत सर्वांत अधिक आढळते. स्त्रियांमध्ये तिचे प्रमाण जास्त असते. शिरेतून दिलेले रंगद्रव्य तिच्यात कडेकडून मध्याकडे हळूहळू भरत जाते आणि त्यावरून तिची ओळख पटते. याउलट, यकृताच्या कर्करोगाची गाठ सामान्यतः रंगद्रव्याने आधी उजळते व नंतर लवकर फिकी पडते.

‘फार लहान असल्याने स्वरूप सांगता येत नाही’ अशा आशयाची नोंदही वारंवार दिसते. २०१७ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने दिलेल्या मार्गदर्शनानुसार, धोक्याचे घटक नसलेल्या व्यक्तीत १ सेंटीमीटरपेक्षा लहान आणि संशयास्पद न दिसणाऱ्या गाठीसाठी पुढील तपासणीची आवश्यकता नसते.

यकृत कोणाचे, हा खरा प्रश्न

एकच नोंद दोन व्यक्तींत भिन्न अर्थ धारण करते. पूर्वी कर्करोग झालेला असणे, सिरॉसिस, हिपॅटायटिस बी किंवा सी, दीर्घकाळचे मद्यपान, ही पार्श्वभूमी असल्यास तीच लहान गाठ एमआरआयने किंवा काही महिन्यांनी पुन्हा पाहावी लागते. वजन घटणे, ताप किंवा कावीळ ही लक्षणे असतील तर विलंब करणे योग्य नव्हे.

स्थानिक संदर्भही दुर्लक्षून चालत नाही. धुळे जिल्ह्यात ठेलारी समाजासारखे मेंढपाळ आहेत. कुत्रा व मेंढी यांच्यातून फिरणाऱ्या एका फीतकृमीमुळे माणसाच्या यकृतात हायडॅटिड गाठ होते व ती वर्षानुवर्षे लक्षणांविना राहू शकते. कुत्र्याच्या विष्ठेतील अंडी अन्नपाण्यातून पोटात गेल्याने हा संसर्ग होतो. अशा गाठीतील द्रव पोटात सांडल्यास तीव्र अ‍ॅलर्जीचा धोका असतो. म्हणून पूर्वतयारीविना तिच्यात सुई घालू नये. हिमँजिओमातही सुईमुळे रक्तस्राव होऊ शकतो. अमीबाजन्य गळू बरे झाल्यानंतरही त्याची खूण काही महिने चित्रात दिसत राहते. त्यामुळे जुन्या आजाराची माहिती डॉक्टरांना देणे आवश्यक ठरते.

दुर्लक्षित राहणारी नोंद

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र शासनाने मद्यपानाशी संबंध नसलेल्या फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. त्या वेळी देशातील त्याचे प्रमाण ९ ते ३२ टक्के असल्याचे नमूद करण्यात आले. मधुमेह व स्थूलता असणाऱ्यांत ते याहून अधिक आढळते. बहुतेकांत हा विकार मंद राहतो. परंतु काहींत दाह, तंतुमयता, सिरॉसिस व कर्करोग असा त्याचा प्रवास होतो. देहयष्टी सडपातळ असल्याने त्याची शक्यता संपत नाही. ही नोंद मिळाल्यावर साखर, मेदद्रव्ये व यकृताच्या तपासण्या कराव्यात. वय, दोन यकृत-विकरे व रक्तबिंबिका यांवरून काढला जाणारा ‘फिब-४’ हा निर्देशांक प्राथमिक चाळणीसाठी पुरेसा ठरतो. ६५ वर्षांखालील व्यक्तीत तो १.३ पेक्षा कमी असल्यास गंभीर तंतुमयतेची शक्यता अल्प असते. वजन ५ टक्के घटल्यास चरबी कमी होऊ लागते. ७ ते १० टक्के घटल्यास दाहातही सुधारणा दिसते.

समारोप

अनावश्यक पुनर्तपासणीत पैसा, प्रवास व किरणोत्सर्ग या तिन्हींचा भार रुग्णावर पडतो. जमीन किंवा दागिने गहाण ठेवून मुंबई गाठण्यापूर्वी धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथील सल्ल्यापासून सुरुवात करता येते. जाताना जुने सोनोग्राफी अहवाल व फिल्म सोबत न्याव्यात. चार वर्षांपूर्वीची गाठ आजही तेवढीच असेल तर तो तिच्या निरुपद्रवीपणाचा भक्कम आणि बिनखर्चाचा पुरावा होय.

अहवाल वाचून दाखविणाऱ्या प्राध्यापकाने निदान करणे अपेक्षित नाही. गाठीचा आकार किती, रुग्णाला धोक्याचे घटक कोणते आणि जुना अहवाल उपलब्ध आहे काय, हे तीन प्रश्न त्याने डॉक्टरांसाठी लिहून द्यावेत. ‘गाठ’ या शब्दाने घाबरलेल्यास धीर देणे आणि ‘चरबी’ या शब्दाने निश्चिंत झालेल्यास तपासणीस पाठविणे, एवढे त्याच्या हातून घडले तरी अनेक कुटुंबांचे हित साधेल.