रेणूचं गणित झालं, आता आकडा शोधा!

सावरगाव, पांढुर्णा, सौंसर. आंबिया बहार असो की मृग, या पट्ट्यात संत्रं सोललं की बोटांना वास चिकटतो. त्या वासात मोठा वाटा असतो लिमोनिन नावाच्या रेणूचा. दहा कार्बन, सोळा हायड्रोजन, एकूण २६ अणू. या रेणूची ऊर्जा किती, तो कसा थरथरतो, त्याचे इलेक्ट्रॉन कुठे बसतात, हे सगळं आज संगणकावर काढता येतं. सॉफ्टवेअर गणित करतं आणि हजारो ओळींची फाइल पुढे ठेवतं. आपल्याला हवे असतात त्यातले मोजके आकडे. ते वेचून आणणारा छोटा प्रोग्राम म्हणजे 'पार्सर', आणि हे वेचणं म्हणजे 'आउटपुट पार्स करणं'. काम ऐकायला रुक्ष वाटेल, पण त्याच्या पोटात भन्नाट गोष्टी दडल्या आहेत. लिमोनिनला सोबत घेऊन त्या बघू.

उणे ३९०, आणि जीव तिसऱ्या दशांशात

गॉसियन हे सॉफ्टवेअर या क्षेत्रातलं जुनं आणि मोठं नाव. जॉन पोपल यांच्या गटाने पहिली आवृत्ती १९७० साली आणली. पोपल यांना १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल वॉल्टर कोन यांच्यासोबत मिळालं. गॉसियनच्या फाइलमध्ये 'एससीएफ डन' अशी ओळ दिसली की तिच्यात ऊर्जा असते. लिमोनिनसाठी तिथे साधारण उणे ३९० हार्ट्री एवढा आकडा येतो.

आता नीट बघा. एक हार्ट्री म्हणजे प्रतिमोल ६२७.५ किलोकॅलरी. रसायनशास्त्रज्ञांना हवी असते एका किलोकॅलरीची अचूकता, म्हणजे ०.००१६ हार्ट्री. ३९० हा आकडा कितीही भारदस्त दिसला तरी रसायन घडतं ते तिसऱ्या-चौथ्या दशांश स्थळावर. नीटनेटकं दिसावं म्हणून प्रोग्रामने दोन दशांशांवर आकडा तोडला, तर कोणती अभिक्रिया होईल आणि कोणती होणार नाही, हे सांगणारा भागच कापला जातो.

शिवाय ही ओळ फाइलमध्ये एकदाच येत नाही. रेणूचा सर्वांत स्थिर आकार शोधताना सॉफ्टवेअर पावलापावलाने अणू हलवतं, आणि दर पावलाला नवी 'एससीएफ डन' छापतं. पहिली ओळ उचलली तर आपण दिलेल्या कच्च्या आकाराची ऊर्जा हाती येते. हवी असते शेवटची. त्यातही एमपी-२ सारखी वरची पद्धत वापरली असेल, तर 'एससीएफ डन' हे उत्तरच नसतं. खरं उत्तर पुढे दुसऱ्या नावाने येतं.

हार्ट्री हे एकक डग्लस हार्ट्री यांच्या नावाचं. या गणितज्ञाने १९३४ च्या सुमारास मँचेस्टरमध्ये आर्थर पोर्टर या विद्यार्थ्याला हाताशी धरून समीकरणं सोडवणारं यंत्र उभं केलं, तेही मुलांच्या मेकॅनो खेळण्याचे भाग जोडून! अणूंची गणितं करण्यात त्यांचे वडील विल्यम हार्ट्रीही हाताने फिरवायचं गणकयंत्र घेऊन बसत. बापलेकांनी घामाने काढलेले तसले आकडे आज लॅपटॉप चहा होईस्तोवर देतो.

उद्गारचिन्हाची युक्ती

क्वांटम एस्प्रेसो या सॉफ्टवेअरच्या जन्मात इटलीतल्या त्रिएस्ते शहराचा मोठा हात आहे. त्याच्या फाइलमध्ये एकूण ऊर्जा पुन्हापुन्हा येते, पण गणित स्थिरावल्यावरची ऊर्जा ज्या ओळीत असते, तिच्या अगदी सुरुवातीला एक उद्गारचिन्ह असतं. तेवढं चिन्ह शोधलं की झालं. ही माझी सगळ्यात आवडती सोय, कारण लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याचा विचार केलेला तिथे दिसतो. फक्त एक लक्षात ठेवा: तिथलं एकक रिडबर्ग आहे, हार्ट्रीच्या बरोबर निम्मं. एका सॉफ्टवेअरची ऊर्जा दुसऱ्याशेजारी ठेवताना हा दोनचा गुणाकार राहिला, तर चूक शेकडो हार्ट्रींची होऊ शकते.

'डी' म्हणजे काय?

आउटपुटमध्ये मधूनच ०.३९डी+०३ असा आकडा भेटतो. तो फोरट्रान भाषेचा. आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने ती १९५७ मध्ये आणली, आणि रसायनशास्त्रातली कित्येक सॉफ्टवेअर आजही तिच्यातच लिहिलेली आहेत. 'डी' म्हणजे दुप्पट अचूकतेने साठवलेली संख्या, पुढचे अंक म्हणजे दहाचा घात. आपला प्रोग्राम पायथन भाषेत असेल, तर तिला मात्र त्या जागी 'ई' लागतो. 'डी' दिसताच पायथन ही संख्या नाही म्हणून थांबतो. आधी 'डी'चा 'ई' करून घ्यायचा, मग पुढे जायचं.

फोरट्रानची दुसरी सवय यापेक्षा अवघड. प्रत्येक संख्येला ठरावीक रकाने दिलेले असतात. संख्या रकान्यात काठोकाठ बसली, तर शेजारणीला चिकटते, मध्ये जागा उरत नाही. क्लोरोफॉर्म घ्या. त्यात तीन क्लोरीन. क्लोरीनच्या सर्वांत आतल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा उणे १०१ हार्ट्रीच्या आसपास, म्हणजे उणे चिन्ह, तीन अंक, टिंब आणि पाच दशांश मिळून दहाच्या दहा घरं भरली. गॉसियनच्या ओळीत अशा तीन संख्या एकीला एक जोडून उभ्या राहतात. मोकळ्या जागेवर ओळ तोडणारा प्रोग्राम तिथे गडबडतो. रकाने मोजून तोडणारा सुखरूप पार पडतो. आणि संख्या रकान्यात मावलीच नाही, तर फोरट्रान तिथे फक्त तारे छापतो. ताऱ्यांमागची संख्या त्या फाइलमधून परत मिळवता येत नाही.

बहात्तर कंपनं, चोवीस ठोकळे

रेणू कधी स्वस्थ बसत नाही. ज्याचे अणू एका सरळ रेषेत नाहीत, अशा रेणूची कंपनं मोजायचं सूत्र सोपं: अणूंची संख्या गुणिले तीन, वजा सहा. लिमोनिनचे २६ अणू, म्हणून ७२ कंपनं. गॉसियन ती नेहमीच्या मांडणीत एका ओळीत तीन अशी छापतो, म्हणजे बरोबर चोवीस ठोकळे. सगळं कसं नीट भागलं! आता कार्बन डायऑक्साइड घ्या. तो सरळ रेषेतला, म्हणून वजा पाच करायचे, कंपनं चार. पहिल्या ठोकळ्यात तीन, दुसऱ्यात एकटंच एक. 'प्रत्येक ओळीत तीन असणारच' असं गृहीत धरलेला प्रोग्राम लिमोनिनवर छान चालतो आणि त्याहून कितीतरी लहान रेणूवर कोसळतो.

कंपनांच्या यादीत कधी उणे आकडा दिसतो. कंपनसंख्या उणे कशी? मुळात ती काल्पनिक संख्या असते, छापायची सोय म्हणून उणे चिन्ह लावतात. तिचा अर्थ असा, की त्या दिशेने ढकललं तर रेणूची ऊर्जा कमी होते. तो स्थिर आकारात, म्हणजे ऊर्जेच्या दरीच्या तळाशी, पोचलेलाच नाही. अभिक्रियेच्या माथ्यावरची संक्रमण अवस्था शोधत असाल, तर मात्र असा आकडा हवाच, आणि नेमका एकच हवा. म्हणून पार्सरने ते उणे चिन्ह गाळलं, तर दरी आणि माथा यांतला फरकच नाहीसा होतो.

अडतिसावा की सदतिसावा?

लिमोनिनमध्ये ७६ इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉन बसतात त्या जागा म्हणजे कक्षक; एका कक्षकात दोन, म्हणजे भरलेले कक्षक ३८. गॉसियन त्यांच्या ऊर्जा एका ओळीत पाच अशा लिहितो: सात ओळी पूर्ण, आठव्या ओळीत तीन. रसायनाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा असतो शेवटचा, ज्याला होमो म्हणतात. अभिक्रियेत इलेक्ट्रॉन बहुधा तिथूनच दिले जातात. आता हाच प्रश्न सीसीलिबला विचारा. गॉसियन, ऑर्का, गेमेस, साय-४ अशा अनेक सॉफ्टवेअरच्या फाइली वाचणारं हे पायथनमधलं मुक्त साधन. त्यावरचा शोधनिबंध २००८ चा. ते उत्तर देईल ३७! पायथनची मोजणी शून्यापासून सुरू होते ना. दोन्ही उत्तरं बरोबर. अनेकांच्या डोळ्यांखालून गेलेल्या प्रबंधातही या एकाच्या फरकाने चुकीच्या कक्षकाचं चित्र छापलं जाऊ शकतं.

एक घर सरकलं, आणि अणू बदलला

प्रथिनांच्या रचना जपणारी प्रोटीन डेटा बँक १९७१ मध्ये सुरू झाली. तिच्या जुन्या फाइलची ओळ ८० घरांची, छिद्रं पाडलेल्या कार्डांच्या काळातली. अणूचं नाव १३ ते १६ या घरांत. 'सी' आणि 'ए' ही दोन अक्षरं चौदाव्या घरापासून लिहिली तर तो प्रथिनाच्या कण्यातला अल्फा कार्बन. तीच अक्षरं तेराव्या घरापासून लिहिली तर कॅल्शियम! मोकळी जागा 'साफ' करणाऱ्या प्रोग्रामसाठी दोन्ही एकच. अणूच्या क्रमांकाला पाचच घरं, म्हणून एका फाइलमध्ये ९९,९९९ च्या पुढे मोजता येत नसे. नव्या फाइलपद्धतीत ही भिंत राहिलेली नाही.

निरोपाचे शब्द

गणित संपल्यावर सॉफ्टवेअर काय म्हणतं, यावर एक वेगळा लेख होईल. गॉसियन एखादं सुभाषित छापून निरोप घेतो. क्यू-केम आभार मानून 'दिवस छान जावो' म्हणतं. ऑर्काला रेणूचा स्थिर आकार सापडला की ती मोठ्या अक्षरांत 'हुर्रे' ओरडते. साय-४ यशस्वी झालं तर 'एखाद्या डेव्हलपरला बिअर पाजा' म्हणतं, आणि फसलं तर 'डेव्हलपरला आणखी कॉफी पाजा'! व्हास्पच्या जुन्या आवृत्त्या बिनसलं की चक्क लिहीत, की असल्या आजारी कामात मी पुढे जाणार नाही, बाय!

या गमतींचा पार्सरला थेट उपयोग होतो. काम नीट संपलं की नाही, हे याच ओळींवरून कळतं. मात्र गेमेसपाशी सावध. काम नीट झालं तर ते 'नॉर्मली' संपलं असं लिहितं, बिघडलं तर 'ॲबनॉर्मली'. इंग्रजी स्पेलिंगमध्ये पहिला शब्द दुसऱ्याच्या पोटात अक्षर न् अक्षर बसतो. नुसता 'नॉर्मली' शोधणारा प्रोग्राम फसलेल्या प्रत्येक गणितालाही पास करतो. ऑर्काची 'हुर्रे'सुद्धा आकार स्थिरावल्याची आहे. तो आकार दरीत आहे की माथ्यावर, ते कंपनं मोजल्यावरच ठरतं.

पुण्याची शिवणकला

आता घरची गोष्ट. रेणू मोठा झाला की गणित भयंकर वेगाने फुगतं. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे, शिरसाट आणि लिमये यांनी १९९४ मध्ये यावर मार्ग मांडला: मोठा रेणू एकमेकांवर थोडे चढणाऱ्या तुकड्यांत कापायचा, प्रत्येकाचं गणित वेगळं करायचं आणि उत्तरं शिवून पूर्ण रेणूचं उत्तर काढायचं. नाव दिलं, मॉलिक्युलर टेलरिंग. आधी रेणूभोवतीच्या विद्युत गुणधर्मांसाठी असलेली ही रीत त्यांच्या गटाने पुढे ऊर्जा आणि आकार काढण्यापर्यंत नेली; त्याचा एक महत्त्वाचा निबंध २००६ चा आहे. गद्रे यांना १९९३ मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला होता. रेणूची चित्रं दाखवणारं युनिविस-२००० आणि स्वतःचे प्रोग्राम लिहायची सोय असलेलं मेटा स्टुडिओ ही सॉफ्टवेअरही याच पुणेरी घराण्यातली.

पार्सिंगच्या नजरेने ही रीत फार सुंदर आहे. रेणूचे तीन तुकडे केले आणि ते एकमेकांवर चढले, तर तिन्हींच्या ऊर्जा मिळवायच्या, दोघादोघांत सामायिक असलेल्या तीन भागांच्या वजा करायच्या, तिघांत सामायिक असलेल्या भागाची पुन्हा मिळवायची. सात गणितं, सात फाइली, सात आकडे. मोठ्या रेणूला तुकडे जितके जास्त, फाइलींची चळत तितकी उंच, आणि कुणी माणूस बसून त्या वाचणार नाही. सगळ्या फाइली पार्सरनेच वाचायच्या. सातांपैकी एक आकडा चुकीच्या ओळीतून उचलला, तरी बेरीज-वजाबाकी निमूट पूर्ण होते आणि शेवटी दिसायला अगदी खरी वाटणारी ऊर्जा पडद्यावर येते. म्हणून चांगला पार्सर आकडा देण्याआधी प्रत्येक फाइलचा निरोप तपासतो, अणू मोजतो, एकक बघतो, आणि एक जरी गोष्ट जुळली नाही तरी बेरजेला हात लावत नाही.