ऐकणाऱ्याचे तोंड बंद, तर सांगणाऱ्याचे मन खुले

शेतात ट्रॅक्टर उलटला, विहिरीत कोणी पडले, कडब्याच्या गंजीला आग लागली, की पोलीस किंवा बंब येण्याआधी शेजारपाजारचेच धावतात, हे आपणा शेतकऱ्यांना सांगायला नको. जखमीचे पुढे काय झाले ह्याची चौकशी सारे गाव करते. पण ज्याने त्याला चाकाखालून ओढून काढले, त्याला त्या रात्री झोप लागली की नाही, हे सहसा कोणी विचारीत नाही. अग्निशामक दलाचे जवान, पोलीस, रुग्णवाहिकेवरील कर्मचारी ह्यांच्या वाट्याला तर असे प्रसंग पुन्हापुन्हा येतात. त्यांच्या मनाची काळजी कशी घेतली जाते आणि त्या काळजीत गुप्ततेला एवढे महत्त्व का, हे ह्या लेखात आम्ही समजावून देणार आहोत. ह्या प्रश्नावर अमेरिकेत पुष्कळ विचार झाला आहे, न्यायालयांत वाद झाले आहेत आणि कायदेही झाले आहेत. म्हणून उदाहरणे मुख्यतः तेथील घेतो.

मनाला लागलेला मुका मार

भयंकर दृश्य पाहिल्यावर काही दिवस झोप उडते, तेच चित्र डोळ्यांपुढे येते, जरा आवाज झाला की माणूस दचकतो, जेवणावर वासना राहत नाही, घरच्यांवर विनाकारण चिडचिड होते. हे वेडाचे लक्षण नव्हे. अंगाला मार बसल्यावर जशी सूज येते, तशी ही मनाची सूज होय. बहुतेकांची ती काही आठवड्यांत उतरते. महिना उलटूनही उतरली नाही, किंवा माणूस दारूच्या आहारी जाऊ लागला, तर मात्र डॉक्टरांकडे गेले पाहिजे.

दुखणे दाबून ठेवल्याने काय होते हे पाहायचे असेल, तर अमेरिकेतील रुडरमन फॅमिली फाउंडेशन ह्या संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेले आकडे पाहावेत. २०१७ साली तेथे कर्तव्य बजावताना ९३ अग्निशामक मरण पावले, तर निदान १०३ जणांनी स्वतःचे जीवन संपविले. पोलिसांत हेच आकडे १२९ आणि १४० असे होते. म्हणजे आगीपेक्षा आणि गोळीपेक्षा मनातील ओझ्यानेच अधिक बळी घेतले.

मग ही माणसे वेळीच मदत का घेत नाहीत? कारण उघड आहे. ‘हा कच्चा आहे’ असा शिक्का बसेल, बढती हुकेल, पोलिसाच्या हातातील बंदूक काढून घेतील, सोबती हसतील, अशी भीती त्यांना वाटते. डॉक्टरांपुढे बसले तरी, ‘ह्यांनी कधी जळते घर आतून पाहिले आहे काय?’ हा विचार मनात येतोच.

सहकाऱ्यालाच सांगावे

ह्यावर उपाय म्हणून सहकाऱ्याकडून समुपदेशन ही पद्धत पुढे आली. त्याच खात्यातील एखाद्या अनुभवी, शांत स्वभावाच्या माणसाला थोडे शिक्षण द्यायचे आणि संकटाच्या प्रसंगानंतर त्याने आपल्या सोबत्याजवळ बसायचे. हा सहकारी समुपदेशक औषध देत नाही, रोगनिदान करीत नाही. तो ऐकून घेतो, धीर देतो आणि गरज दिसली तर योग्य डॉक्टरांची वाट दाखवितो.

मेरीलँड राज्यातील जेफ्री मिचेल ह्यांनी अग्निशामक दलात आणि रुग्णवाहिकेवर काम केले होते. पुढे ते मानसशास्त्राकडे वळले आणि १९८३ साली त्यांनी दुर्घटनेनंतर गटाने बसून टप्प्याटप्प्याने बोलण्याची रीत मांडली. ती झपाट्याने पसरली. पुढे तिला मर्यादाही दिसून आल्या. २००२ साली कोक्रेन ह्या संस्थेने, अपघातातून वाचलेल्या व तत्सम रुग्णांवरील अभ्यास तपासले. एकाच बैठकीत सारे बोलायला लावल्याने पुढचा मानसिक आजार टळत नाही, उलट काहींना त्रास होण्याचाही संभव आहे, असे त्यातून निघाले. ह्यातून घ्यायचा बोध एवढाच की, ज्याला बोलायचे आहे त्याचे ऐकावे, पण जखमेवरची खपली बळेच काढू नये.

अमेरिकेच्या खेड्यांतील स्थिती आपल्याला जवळची वाटेल. तेथील दर शंभर अग्निशामकांत सुमारे पासष्ट स्वयंसेवक असतात. त्यांची बहुतेक दले लहान गावांत आहेत, आणि त्यांत शेतकरी, दुकानदार, शिक्षक असे सारे असतात. धान्याच्या कोठारात गाडला गेलेला माणूस बाहेर काढायचा, तर तो बहुधा ओळखीचाच निघतो. जेथे सारे एकमेकांना ओळखतात, तेथे एक शब्द बाहेर पडला तरी तो संध्याकाळपर्यंत गावभर होतो. म्हणून गुप्ततेची खरी कसोटी शहरापेक्षा खेड्यातच लागते.

न्यायालयापुढे आलेला प्रश्न

ऐकणाऱ्याने स्वतःहून बोलू नये हे ठीक. पण न्यायालयाने विचारले तर? हा प्रश्न ‘जॅफी विरुद्ध रेडमंड’ ह्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १९९१ साली इलिनॉय राज्यात मारामारीची वर्दी आली म्हणून एक महिला पोलीस तेथे धावली आणि तिच्या गोळीने एक माणूस ठार झाला. तो हातात सुरा घेऊन दुसऱ्याच्या मागे धावत होता, असे तिचे म्हणणे होते; मृताच्या घरच्यांना ते मान्य नव्हते. त्यांनी नुकसानभरपाईचा दावा लावला. त्या घटनेनंतर ही पोलीस एका परवानाधारक समाजसेविकेकडे सुमारे पन्नास वेळा समुपदेशनासाठी गेली होती. त्या बैठकींची टिपणे आम्हाला पाहू द्या, अशी दावा लावणाऱ्यांची मागणी होती.

खालच्या न्यायालयाने टिपणे देण्यास सांगितले. दोघींनीही नकार दिला. तेव्हा न्यायाधीशांनी पंचांना सांगितले की, ह्या टिपणांत पोलिसाच्या विरुद्ध काही असावे असे तुम्ही धरून चालू शकता. पंचांनी ५,४५,००० डॉलरची भरपाई ठरविली. वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरविला, आणि १३ जून १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी गुप्ततेचा पक्ष मान्य केला.

न्यायमूर्ती स्टीव्हन्स ह्यांनी दिलेले कारण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. विश्वासावाचून असे उपचार चालतच नाहीत, आणि उद्या हे सारे न्यायालयात येईल हे ठाऊक असते तर ती माणसे तोंडच उघडणार नाहीत, असे त्यांनी म्हटले. म्हणजे गुप्तता मोडून जो पुरावा मिळवायचा, तो मुळात जन्मालाच येणार नाही. हाती पुरावाही नाही आणि माणूसही बरा झाला नाही, असे दुहेरी नुकसान मात्र होईल.

दुसरी बाजूही खोटी नव्हे. न्यायमूर्ती स्कालिया ह्यांनी विरोधी मत देताना विचारले की, माणूस आपले दुःख आईलाही सांगतो, मग आईला ही सवलत का नाही? गुप्ततेमुळे एखाद्या वेळी सत्य झाकले जाईल आणि कोणावर तरी अन्याय होईल, हेही त्यांनी बजावले. ज्या घरचा माणूस गेला त्या घराला हे मत पटले असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही. गुप्तता फुकट मिळत नाही. तिची किंमत कोणीतरी मोजीत असते. म्हणूनच तिला मर्यादा घालाव्या लागतात.

कुंपण आणि त्यातील फाटक

ह्या निकालाने मानसोपचार करणाऱ्या परवानाधारकांना संरक्षण दिले, पण सहकारी समुपदेशक परवानाधारक नसतो. त्याच्यासाठी अमेरिकेतील अनेक राज्यांनी वेगळे कायदे केले. वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यात एक मार्मिक अट आहे. जो समुपदेशक स्वतः त्या घटनास्थळी प्रथम पोहोचला होता, किंवा त्या घटनेचा साक्षीदार होता, त्याला हे संरक्षण नाही. म्हणजे ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याने साक्ष द्यावी आणि ऐकण्याचे काम दुसऱ्याने करावे.

नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या सेवेतील पोलिसांसाठी तेथे असा कायदा झाला. समुपदेशकाने ऐकलेली गोष्ट बाहेर सांगायची नाही, हा त्याचा मुख्य नियम. त्याला ठरावीक अपवाद आहेत. कोणी जीव देण्याचा इरादा बोलून दाखविला आणि त्याचा बेत किंवा साधनही सांगितले. दुसऱ्याच्या जिवाला तत्काळ धोका असल्याचे उघड झाले. मुलाचा किंवा वृद्धाचा छळ कळला. गुन्ह्याची कबुली दिली. किंवा न्यायालयाचा हुकूम आला, तर ही गुप्तता राहत नाही. आणि हे अपवाद पहिल्या बैठकीपूर्वी लेखी सांगावे लागतात. ही अखेरची अट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. कुंपणाला फाटक कोठे आहे हे आधी ठाऊक असेल, तर पुढे विश्वासघात झाला असे कोणी म्हणणार नाही.

चांगल्या दलांत आणखी काही पथ्ये पाळली जातात. वरिष्ठाने आपल्या हाताखालच्या माणसाचे समुपदेशन करू नये. नावानिशी टिपणे ठेवू नयेत. नोकरीस योग्य आहे की नाही ही तपासणी अगदी निराळ्या माणसाने करावी. घटनेची चौकशी आणि मनाची शुश्रूषा एकाच खोलीत बसवू नये.

पापनिवेदनाशी गल्लत नको

आपण कॅथलिक असल्यामुळे येथे एक खुलासा करणे जरूर आहे. पापनिवेदनाची मोहोर धर्मगुरूला कोणत्याही कारणास्तव मोडता येत नाही. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील कलम ९८३ तसे स्पष्ट सांगते. तेथे फाटक नाहीच. समुपदेशनाची गुप्तता पवित्र असली, तरी ती ह्या जातीची नव्हे. म्हणून समुपदेशकाने ‘काहीही सांग, कोणालाही कळणार नाही’ असे वचन कधी देऊ नये. पाळता येणार नाही असे वचन देण्यापेक्षा खरी मर्यादा सांगणे हेच प्रामाणिकपणाचे आहे.

आपल्याकडे काय?

आपल्या देशात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ ने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे, आणि उपचार करणाऱ्यांवर ते बंधन आहे. शेजारी किंवा मित्र म्हणून ऐकणाऱ्याला असा कायदा लागू होत नाही. त्याच्यापुरता कायदा म्हणजे त्याची सचोटी. मात्र एक अपवाद आपल्यालाही बांधून ठेवतो. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळविणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

तेव्हा गावात असा प्रसंग घडून गेल्यावर पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. मदतीला धावलेल्या माणसाकडे दोन-चार दिवसांनी सहज म्हणून जावे. ‘काय काय पाहिलेस?’ असे खोदून विचारू नये. ‘झोप लागते का, जेवण जाते का?’ एवढे पुरे.

२. तो बोलू लागला तर मध्ये आपले अनुभव घुसवू नयेत, आणि ‘विसरून जा’ असेही म्हणू नये.

३. ऐकलेले बायकोला, भावाला, चहाच्या दुकानात सांगू नये. ‘नाव न घेता’ सांगितलेली गोष्टही गावात ओळखू येते. प्रार्थनासभेत ‘अमक्यासाठी प्रार्थना करा’ म्हणून कारण उघड करणे हीदेखील चहाडीच होय.

४. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कानी आली, तर गप्प राहू नये. त्याला एकटे सोडू नये, कीटकनाशकाचे डबे व दोर त्याच्या हाती लागणार नाहीत असे पाहावे, आणि ‘मी हे अमक्यालाच सांगणार आहे’ असे त्याला सांगूनच घरच्यांची व डॉक्टरांची मदत घ्यावी.

५. सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते. ती ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि अनेक भारतीय भाषांत बोलता येते.

बियाणे पेरले की शेतकरी ते रोज उकरून पाहत नाही. मातीने झाकलेले असते म्हणूनच ते रुजते. कोणी विश्वासाने आपल्या मनातले सांगितले, तर त्यालाही तसेच झाकून ठेवावे. आणि कीड लागल्याची खूण दिसली, तर मात्र वेळ न घालविता उपाय करावा.