पातळ झालं, म्हणून सौम्य झालं?

थंडीत टाचा फुटल्या की आमच्या घरी बशीत ग्लिसरीन आणि गुलाबपाणी एकत्र यायचं. नुसतं ग्लिसरीन काकवीसारखं चिकट. गुलाबपाण्याचे चार थेंब पडले की ते टाचेवर सहज पसरायचं. लंडनला शिकणाऱ्या भाच्यानं परवा फोनवर विचारलं, “मावशी, व्हेपचं लिक्विड मी घरीच बनवतो, पण फार घट्ट होतंय. पाणी घातलं तर चालेल का?” तेव्हा मला आधी ती बशी आठवली. रागवायचं होतंच, पण ते नंतरसाठी ठेवलं. त्याच्या एका प्रश्नाच्या पोटात चार-पाच गैरसमज होते, आणि नुसतं रागावून गैरसमज जात नाहीत.

त्याची पहिली शंका अशी, की हे तेल आहे, यात पाणी मिसळेल कसं? बोटाला ते तेलकट लागतं हे खरं, पण ते तेल नव्हे. व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, लिक्विडमध्ये मुख्यतः ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल असतं, शिवाय निकोटिन आणि स्वाद. पहिली दोन्ही द्रव्यं पाण्यात हव्या त्या प्रमाणात विरघळतात. इतकंच नाही, तर ती पाण्याची हावरी आहेत. बाटली उघडी राहिली तर हवेतला ओलावा ओढून घेतात. घट्टपणाचा दोष ग्लिसरीनचा. २० अंश सेल्सिअसला शुद्ध ग्लिसरीन पाण्याच्या सुमारे चौदाशे पट दाट असतं. वजनाने १० टक्के पाणी मिसळलं, की हा दाटपणा जेमतेम सहाव्या हिश्शावर येतो. म्हणून तर ग्लिसरीन जास्त असलेलं मिश्रण यंत्रातल्या कापसात शिरेना, की घरी बनवणारे थोडं डिस्टिल्ड वॉटर घालतात. जर्मनीत मिळणाऱ्या काही तयार मिश्रणांतही १० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. तेव्हा ‘पाणी घातलं की स्फोट होतो’ असं कुणी सांगत असेल तर तेही खोटंच.

खरी भीती तेलाची आहे. तेल श्वासावाटे फुप्फुसात गेलं तर ते तिथेच अडकून बसतं. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणारी धडधाकट तरुण पोरं धाप लागून इस्पितळात दाखल होऊ लागली. १८ फेब्रुवारी २०२० पर्यंत अशा २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि त्यांतले ६८ जण दगावले. ५१ रुग्णांच्या फुप्फुसांतला द्रव तपासला, तेव्हा ४८ जणांमध्ये ‘ई’ जीवनसत्त्वाचं ॲसिटेट सापडलं. हे तेलकट द्रव्य मुख्यतः गांजाच्या अर्काच्या चोरट्या नळकांड्यांत घातलेलं असे. कशासाठी? तर भेसळीनं पातळ झालेला माल पुन्हा दाट दिसावा म्हणून. दुधात पाणी घालून वर ते दाट दिसण्याची सोय करणारे गवळी आपल्याला नवे नाहीत. फरक इतकाच, की ते दूध पोटात जातं.

आता दुसरा गैरसमज, आणि माझ्या मते हाच सगळ्यांत जुना: पाणी वाढवलं की जहाल गोष्ट मवाळ होते. पाहुणे वाढले की आमटीत पाणी घालायचं, मीठ जास्त झालं की पाणी घालायचं, या हिशेबावर आपण वाढलो. पण गणित करून पाहा. ब्रिटनमध्ये लिक्विडची कमाल मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम निकोटिन अशी आहे. अशा १० मिलिलिटर बाटलीत एकूण २०० मिलिग्रॅम निकोटिन झालं. त्यात १ मिलिलिटर पाणी घातलं, तर तीव्रता १८ वर येते, पण बाटलीत निकोटिन मात्र २०० मिलिग्रॅमच राहतं. लिक्विड सौम्य झालं की ओढणारा नकळत लांब झुरके घेतो, वरचेवर घेतो, आणि हवं तेवढं निकोटिन वसूल करतो. जास्त झुरके म्हणजे यंत्रातल्या तापल्या तारेवर जास्त लिक्विड. त्या तापमानाला ग्लिसरीन आणि ग्लायकॉल यांचं विघटन होऊन फॉर्माल्डिहाइडसारखी द्रव्यं तयार होतात. पाणी त्यांना धुऊन काढत नाही. हुक्क्याच्या पाण्यात धूर ‘गाळला’ जातो, अशी समजूत असते ना, तिचंच हे धाकटं भावंड.

यंत्राचेही हाल होतात. पाणी १०० अंशांना उकळतं, प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ ला, ग्लिसरीन २९० ला. कापसातलं पाणी सगळ्यांच्या आधी उकळून उठतं, आणि गरम तेलात ओली कोथिंबीर पडल्यासारखे कढत थेंब ओठांवर उडतात. लिक्विड फारच पातळ झालं, तर ते खालच्या भोकांतून बॅटरीकडे गळतं.

“पण शेवटी वाफच ना?” हा भाच्याचा पुढचा प्रश्न. नावानंच घोळ घातला आहे. सर्दीला पातेल्यावर टॉवेल घेऊन घेतो तो वाफारा वेगळा. व्हेपचा ढग म्हणजे ग्लिसरीन आणि ग्लायकॉलचे अतिसूक्ष्म थेंब, निकोटिन आणि स्वादासकट. पाणी घातलं म्हणून त्याचा वाफारा होत नाही.

मग पाणी कोणतं, हा प्रश्न उरतोच. लंडनचं नळाचं पाणी जड आहे. तिथल्या किटल्यांत पांढरा थर बसतो. पाणी उडून गेल्यावर तोच थर तारेवर बसेल. पिण्याच्या बाटलीबंद पाण्यातही क्षार असतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये ते नसतात, पण डिस्टिल्ड म्हणजे जंतुरहित नव्हे, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी तर श्वासात घ्यायच्या हिशेबानं बनवलेलंच नसतं.

गुलाबपाणी, केवड्याचा अर्क किंवा केकचा इसेन्स घालणारेही आहेत. खायला चालतं म्हणजे ओढायला चालेल, हा त्यांचा तर्क. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात पॉपकॉर्न बनवणाऱ्या एका कारखान्यातल्या आठ माजी कामगारांना बारीक श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा आजार झाल्याचं २००० साली उघडकीस आलं. कारण होतं लोण्याच्या स्वादातलं डायअसिटिल, जे लोक पॉपकॉर्नबरोबर खुशाल खात होते.

‘ग्लिसरीन तर साधंच असतं’ असं म्हणणाऱ्यांना मुंबईचं १९८६ साल आठवत नसावं. त्या वर्षी जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं आणि १४ रुग्णांचा मृत्यू झाला. न्या. लेंटिन आयोगानं त्याची चौकशी केली. हे विष दिसायला ग्लिसरीनसारखंच, चवीला गोडसर. २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं ई-सिगारेटची १८ नळकांडी तपासली, तेव्हा एकात तेच सुमारे १ टक्का सापडलं. घरच्या ओट्यावर बसून हे ओळखता येत नाही.

ओट्याचा विषय निघालाच आहे, तर निकोटिन कातडीतूनही शरीरात जातं हे सांगायला हवं. तंबाखूची ओली पानं खुडणाऱ्या मजुरांना मळमळ, उलट्या, चक्कर असा त्रास होतो तो यामुळेच. सांडलेलं लिक्विड लगेच धुवायचं. गोड वासाची उघडी बाटली लहान मुलाच्या हाती लागली, तर एखादा घोटही जिवावर बेतू शकतो.

भारतात तर प्रश्न पाण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठा आणि जाहिरात यांवर बंदी घातली आहे. निकोटिन नसलं तरी ती लागू होते. साठा वगळता बाकीच्यांसाठी पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सुट्टीला येताना यंत्र बॅगेत टाकू नकोस, हे भाच्याला दोनदा सांगितलं.

आणि मग राहिलेलं रागावून घेतलं. सोडवत नाहीच, तर घरची बाटली टाकून दे, तिथल्या कायद्याच्या नियमांत बसणारी, ग्लिसरीन कमी असलेली तयार बाटली घे, असं म्हटलं. सोडायचं ठरवलंस तर तिथं मदत फुकट मिळते, हेही सांगितलं. इथल्या वाचकांसाठी तंबाखू आणि निकोटिन सोडायला मदत करणारा राष्ट्रीय क्रमांक १८००-११-२३५६ आहे. फोनला पैसे पडत नाहीत.