पेटंटच्या चतुःसीमा

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळले. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तरेकडील मंडणगड व दापोली या तालुक्यांत विजेचे खांब आडवे झाले, तारा तुटल्या आणि अनेक गावांना दीर्घकाळ अंधारात राहावे लागले. पुढील वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ वादळाने याच किनारपट्टीला पुन्हा तडाखा दिला. वीज गेली की पाण्याचा पंप थांबतो, शीतगृह थांबते आणि दुकानाचे अथवा मोटारगाडी ठेवण्याच्या खोलीचे विजेवर उघडणारे शटरही अडून बसते. अशा वेळी शटरच्या मोटारीला चार्ज होणारी बॅटरी जोडून ठेवावी, हा विचार कोणाही कुशल कारागिराच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

समजा, रत्नागिरीतील एखाद्या कारागिराने तशी जोडणी केली, तर तिचे पेटंट त्यास मिळेल काय? आणि अन्य कोणाकडे असे पेटंट आधीच असेल, तर या कारागिराला आपले काम थांबवावे लागेल काय? हे प्रश्न केवळ कल्पनेतील नाहीत. अमेरिकेत नेमक्या याच वस्तूवरून दोन मोठ्या कंपन्यांचा वाद झाला. त्या वादाचा निकाल आणि आपल्या देशातील कायदा यांचा एकत्रित विचार केल्यास पेटंटविषयीचे अनेक गैरसमज दूर होण्यासारखे आहेत.

पेटंट म्हणजे काय?

पेटंट, म्हणजेच शासकीय परिभाषेतील ‘एकस्व’, हा एक प्रकारे समाज आणि संशोधक यांच्यातील करार होय. संशोधकाने आपल्या शोधाची संपूर्ण माहिती लेखी स्वरूपात जाहीर करावयाची आणि त्या मोबदल्यात शासनाने ठरावीक मुदतीपर्यंत इतरांना त्या शोधाचा व्यापारी वापर करण्यास मनाई करण्याचा अधिकार त्यास द्यावयाचा, असे या कराराचे स्वरूप आहे. मुदत संपताच तो शोध सर्वांसाठी खुला होतो.

आपल्या देशात यासंबंधीचा पेटंट अधिनियम, १९७० हा २० एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. पुढे १९९९, २००२ व २००५ साली त्यात महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. आता पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते. शोध जगात कोठेही पूर्वी प्रसिद्ध झालेला नसावा, त्या विषयातील जाणकारास तो सहज सुचण्यासारखा नसावा आणि उद्योगात त्याचा उपयोग व्हावा, या तीन कसोट्यांवर तो तपासला जातो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पेटंट ‘गरजे’चे मिळत नाही आणि नुसत्या ‘कल्पने’चेही मिळत नाही. वीज गेली तरी दार उघडले पाहिजे, ही गरज झाली. त्यासाठी बॅटरी वापरावी, ही कल्पना झाली. बॅटरी कोठे बसवावी, ती कशी चार्ज व्हावी, मोटारीशी तिचा संबंध कसा जुळावा, याची नवी आणि निश्चित रचना म्हणजे शोध. त्या रचनेचे वर्णन अर्जाच्या शेवटी क्रमांकवार वाक्यांत करावे लागते. त्या वाक्यांना ‘क्लेम’ असे म्हणतात. मराठीत त्यांस हक्ककलमे म्हणता येईल.

खरेदीखतात जमिनीच्या चतुःसीमा लिहिलेल्या असतात. पूर्वेस पऱ्ह्या, पश्चिमेस गडगा, असे जे लिहिले असेल तेवढीच जमीन घेणाऱ्याची. हक्ककलमांचेही तसेच आहे. संशोधकाच्या मनात काय होते यापेक्षा कागदावर काय उतरले, यावर त्याचा अधिकार ठरतो. सीमा फार अरुंद लिहिली तर शेजारी तिच्या बाहेरून सहज निघून जातो. ती फार रुंद लिहिली तर सर्वांच्या मालकीच्या वाटेवरच कुंपण पडते आणि न्यायालय ते कुंपण काढून टाकते.

एक वस्तू, दोन पेटंटे

अमेरिकेतील चेंबरलेन ही कंपनी गॅरेजची दारे उघडणारी यंत्रे तयार करते. हाँगकाँगच्या टेकट्रॉनिक इंडस्ट्रीज या कंपनीने ‘र्‍योबी’ या नावाने तशाच प्रकारचे यंत्र बाजारात आणले. हातातील विद्युत अवजारांना लागणारीच बॅटरी या यंत्राला बसविता येत असे व वीज गेल्यास त्या बॅटरीवर दार उघडत असे. चेंबरलेनने २०१६ साली आपल्या दोन पेटंटांचा भंग झाल्याचे सांगून न्यायालयात धाव घेतली. २०१७ साली ज्यूरीने तिच्या बाजूने कौल दिला. मात्र ऑगस्ट २०१९ मध्ये पेटंटविषयक अपिले ऐकणाऱ्या न्यायालयाने दोन पेटंटांबाबत दोन वेगळे निर्णय दिले.

पहिले पेटंट दाराच्या स्थितीची माहिती बिनतारी पद्धतीने कळविण्याविषयी होते. न्यायालयाने असे म्हटले की, एखाद्या यंत्रणेची स्थिती बिनतारी पद्धतीने कळविणे ही केवळ अमूर्त कल्पना आहे आणि हक्ककलमांत तिच्यापलीकडे काही नवे नाही. त्यामुळे ती हक्ककलमे टिकली नाहीत. दुसरे पेटंट काढता-घालता येणाऱ्या, चार्ज होणाऱ्या बॅटरीच्या जोडणीविषयी होते. ही जोडणी एका जुन्या दस्तऐवजात आधीच आलेली होती, असा प्रतिपक्षाचा युक्तिवाद होता. तो मात्र मान्य झाला नाही. ते पेटंट टिकले.

म्हणजे एकाच यंत्रातील एक कुंपण न्यायालयाने काढले आणि दुसरे राखले. पहिल्यात परिणाम सांगितला होता, दुसऱ्यात रचना सांगितली होती, फरक एवढाच. या वादाला लोकहिताचीही एक बाजू आहे. २०१७ च्या वणव्यांत वीज गेल्यामुळे गॅरेजची दारे न उघडून माणसे दगावल्याने कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून घरगुती वापराच्या अशा नव्या यंत्रांना बॅटरीची सोय सक्तीची केली. जी सोय कायद्याने सर्वांवर बंधनकारक होते, तिच्यावर एकाच कंपनीचे कुंपण किती दूरवर असावे, हा प्रश्न त्यामुळे अधिक महत्त्वाचा ठरतो.

आपल्याकडील अनुभव

महाराष्ट्रालाही अशा वादाचा अनुभव आहे. पुण्याच्या बजाज ऑटो कंपनीने लहान व्यासाच्या सिलिंडरमध्ये दोन स्पार्क प्लग वापरणाऱ्या इंजिनासाठी २००२ साली अर्ज केला आणि पुढे तिला पेटंट मिळाले. २००७ साली तामिळनाडूतील टीव्हीएस मोटर कंपनीने ‘फ्लेम’ ही दुचाकी जाहीर केली तेव्हा वाद उद्भवला. दोन प्लग वापरण्याची पद्धत जुनीच आहे व आपल्या इंजिनाची रचना निराळी आहे, असे टीव्हीएसचे म्हणणे होते. फेब्रुवारी २००८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी मनाई दिली. मे २००९ मध्ये खंडपीठाने ती उठविली. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रीचा अचूक हिशेब ठेवण्याच्या अटीवर उत्पादनास मुभा दिली आणि बौद्धिक संपदेचे खटले रोजच्या रोज चालवून शक्यतो चार महिन्यांत निकाली काढावेत, असे सर्व न्यायालयांना बजावले. प्रत्यक्षात हा वाद २०१९ साली आपसांतील समझोत्याने मिटला. मोठ्या कंपन्यांना एवढा काळ न्यायालयात काढता येतो. लहान कारागिराला तो परवडत नाही. म्हणून आरंभीच आपली सीमा नीट आखणे त्याच्या दृष्टीने अधिक अगत्याचे आहे.

लहान कारखानदारांच्या दृष्टीने १३ डिसेंबर १९७८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आजही मार्गदर्शक आहे. धातूची भांडी लेथवर धरून ठेवण्याच्या एका साधनाचे पेटंट त्या प्रकरणात रद्द ठरले. माहितीच्या साधनात कारखान्यातील अनुभवाने केलेली किरकोळ सुधारणा म्हणजे शोध नव्हे, असे तत्त्व न्यायालयाने सांगितले. अधिनियमाच्या कलम ३ मध्येही अशीच तरतूद आहे. आपापले जुनेच काम स्वतंत्रपणे करणाऱ्या माहितीच्या वस्तू केवळ एकत्र मांडल्या, तर त्यास शोध मानले जात नाही.

यावरून आरंभीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. बाजारातील शटरला बाजारातील बॅटरी जोडल्याने पेटंट मिळणार नाही. मात्र खाऱ्या हवेत न गंजणारी जोडणी किंवा वीज येता-जाता आपोआप बदल करणारी अशी काही रचना साधली, की जी पूर्वी कोठेही नव्हती आणि जाणकारालाही सहज सुचली नसती, तर तिचा विचार होऊ शकेल. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की, पेटंट त्या त्या देशापुरतेच असते. अमेरिकेत मिळालेले पेटंट भारतात घेतलेले नसेल, तर त्याच्या बळावर येथील कारागिराला अडविता येत नाही. परंतु तेच अमेरिकन पेटंट जुने ज्ञान म्हणून मात्र गणले जाते. ते उतरवून येथे स्वतःच्या नावावर नवे पेटंट घेता येत नाही.

घाईचे प्रदर्शन

शाळा, तंत्रनिकेतने व कृषी मेळाव्यांशी संबंधित असलेल्यांनी एक धोका विशेष लक्षात ठेवावा. विद्यार्थ्याने तयार केलेले यंत्र अर्जापूर्वीच प्रदर्शनात मांडले, त्याची रचना वृत्तपत्रात छापून आली किंवा चित्रफितीतून सर्वांपुढे गेली, तर त्याचे नवेपण संपते आणि बहुधा पेटंटचा हक्कही जातो. केंद्र शासनाने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना १२ महिन्यांची सवलत आहे. पण प्रत्येक जत्रा, मेळावा वा शालेय प्रदर्शन त्यात येत नाही. बक्षीस आणि टाळ्या मिळतात, हक्क मात्र हातचा जातो.

यावर उपाय सोपा आहे. शोध पूर्णत्वास गेला नसला तरी तात्पुरत्या तपशिलासह अर्ज करून तारीख राखून ठेवता येते. त्यानंतर १२ महिन्यांच्या आत संपूर्ण तपशील व हक्ककलमे सादर करावी लागतात. महाराष्ट्रातील अर्जदारांसाठी मुंबई येथील पेटंट कार्यालय आहे. व्यक्ती व शैक्षणिक संस्था यांना शुल्कात सवलत मिळते. अर्ज साधारणतः १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. तपासणीची विनंती वेगळी करावी लागते. २०२४ च्या नियमांनुसार तिची मुदत ३१ महिने आहे. पेटंट मिळाल्यानंतर ठरावीक शुल्क भरून ते चालू ठेवावे लागते.

ग्रामपंचायतींच्या दृष्टीनेही या कायद्यात दोन गोष्टी उपयोगाच्या आहेत. अर्ज प्रसिद्ध झाल्यानंतर व पेटंट मिळण्यापूर्वी कोणीही व्यक्ती लेखी हरकत घेऊ शकते. एखाद्या गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पद्धत कोणी स्वतःची म्हणून पुढे आणत असेल, तर हा मार्ग मोकळा आहे. पारंपरिक ज्ञानाला पेटंट देऊ नये, असे कलम ३ सांगते. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगाचे अमेरिकेत दिलेले पेटंट भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लेखी पुरावे देऊन १९९७ साली रद्द करविले, हे सर्वश्रुत आहे. तेथे उपयोगी पडला तो लिहिलेला कागद. गावातील कसब आणि ज्ञान तारखेसह नोंदवून ठेवण्याचे महत्त्व यावरून कळते. दुसरे असे की, पेटंट असलेल्या वस्तूचा प्रयोगासाठी किंवा विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी वापर करण्यास कायद्याची मुभा आहे. तेव्हा शिक्षकांनी भीती बाळगण्याचे कारण नाही.

रत्नागिरीत ‘हापूसला पेटंट मिळाले’ असे अनेकदा बोलले जाते. ते बरोबर नाही. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला मिळाले ते भौगोलिक मानांकन होय. तो एका प्रदेशातील उत्पादकांचा नावावरील सामुदायिक हक्क आहे. पेटंट हा नव्या रचनेवरील मुदतीचा हक्क आहे. आंबा प्रदेशाचा असतो. यंत्र ते शोधणाऱ्याचे असते, आणि तेही २० वर्षांपुरतेच.

वादळे यापुढेही येतील आणि वीजही जाईल. अडचणीतून वाट काढणारी कल्पक माणसे कोकणात आहेत. त्यांनी आपली कृती इतरांना दाखविण्यापूर्वी ती कागदावर उतरवावी आणि तिच्या चतुःसीमा जाणकाराच्या मदतीने नेमक्या लिहाव्यात, एवढा सल्ला शाळेतून व पंचायतीतून त्यांना वेळेवर मिळाला, तरी पुष्कळ काम होईल.