नुकसान गावाचे, तक्रार कुणाची?

धानाच्या बियाण्याची एक पिशवी उगवली नाही म्हणून कोर्टाची पायरी चढलेला शेतकरी आमच्या फुलचुरात मी अजून पाहिलेला नाही. पिशवीची किंमत ती काय! वकिलाची फी, तारखांच्या खेपा आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब मांडला, तर मिळणाऱ्या भरपाईपेक्षा खर्चच अधिक. मग माणूस नशिबाला बोल लावतो, कुणाकडून तरी परे मागून आणतो आणि रोवणी उरकतो. पण तेच बियाणे गावातल्या पन्नास घरांत गेलेले असते. एकेकाचे नुकसान थोडे, सगळ्यांचे मिळून मोठे, आणि तक्रार मात्र एकाचीही नाही. विकणाऱ्याला हे गणित पक्के ठाऊक असते.

या गणिताला कायद्याने उत्तर दिलेले आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत अनेकांच्या वतीने एकाने किंवा काहींनी दावा लावण्याची सोय आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ती ग्राहकांना दिली आणि २०१९ च्या नव्या कायद्याच्या कलम ३५ मध्येही ती कायम राहिली. हितसंबंध सारखे असतील, तर जिल्हा आयोगाच्या परवानगीने एकजणही सर्वांसाठी तक्रार करू शकतो.

थोड्यांच्या धडपडीने किती जणांचे भले होऊ शकते, हे आपल्याच राज्यात दिसले आहे. २०२० च्या खरिपात तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात अतिवृष्टीने सोयाबीन गेले. नुकसानीची सूचना ७२ तासांत दिली नाही, असे सांगून विमा कंपनीने हात वर केले. काही शेतकरी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. ती ग्राहक आयोगापुढची तक्रार नव्हती, याचिका होती. पण मे २०२२ मध्ये निकाल लागला तो ३ लाख ५७ हजार २८७ शेतकऱ्यांसाठी. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला.

बारीक अक्षरांतला लवाद

गावात इंग्रजी वाचता येणारा म्हणून करारांचे कागद माझ्याकडे येतात. ट्रॅक्टरच्या कर्जाचा असाच एक करार शेजाऱ्याने आणला होता. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिले होते की, वाद झाल्यास तो लवादाकडे जाईल, लवाद कंपनी नेमेल आणि सुनावणी चेन्नईला होईल. शेजारी म्हणाला, ‘‘गुरुजी, सही तर केली. आता काय?’’ त्याच्या प्रश्नात एका शेतकऱ्याची सारी हतबलता होती. हप्ता चुकला तर ज्याच्याशी भांडण, त्यानेच पंच नेमायचा, आणि तोही हजार किलोमीटरवर!

अमेरिकेत या बारीक अक्षरांचा विजय झाला आहे. ‘फुकट’ म्हणून दिलेल्या मोबाइल फोनवर सुमारे ३० डॉलर कर लावला, म्हणून कॅलिफोर्नियातल्या एका जोडप्याने इतर ग्राहकांसह दावा केला. करारात लवादाची अट होती आणि एकत्र येण्यास मनाई होती. २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कंपनीची बाजू घेतली. तीस डॉलरसाठी एकटा कोण लढणार?

आपल्या न्यायालयांनी वेगळी वाट धरली, आणि त्या वाटेवरचा एक महत्त्वाचा निकाल शेतकऱ्यांचाच आहे. राष्ट्रीय बियाणे निगमाच्या सदोष बियाण्यामुळे आंध्रातल्या शेतकऱ्यांचे पीक बुडाले होते. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, लवादाची अट असली तरी ग्राहक मंचाचे दार बंद होत नाही. शेतकरी सगळे बियाणे पेरून टाकतो. तपासणीसाठी नमुना राखून ठेवण्याची अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही, हेही न्यायालयाने ओळखले. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये एमार एमजीएफ या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आणखी एका प्रकरणात हेच तत्त्व पक्के झाले. ग्राहकाला लवादाकडे ढकलता येत नाही, निवड त्याची.

कंपनीनेच कर्जदाराविरुद्ध लवाद आणला तर? २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, निकालात ज्याचे हित गुंतले आहे त्याला एकमेव लवाद एकतर्फी नेमता येणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सरकारी उपक्रमांच्या करारांतली अशी अट समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवली. वाद उद्भवल्यानंतर लेखी संमती दिली, तरच हा आक्षेप सोडला असे धरले जाते. म्हणून शेजाऱ्याला मी सांगितले, ‘‘नोटीस आली तर आढ्यात खोचून ठेवू नका. मान्य नाही, असे लेखी कळवा आणि वकिलाला दाखवा.’’

एकी कागदावरही हवी

सामूहिक तक्रारीची वाट मात्र सोपी नाही. बंगळुरूच्या एका गृहप्रकल्पातल्या ९१ जणांनी ११३४ सदनिकांच्या वतीने दाद मागितली. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सर्वांची तक्रार मानली नाही, कारण सर्वांचे हित सारखे असल्याचे तक्रारीत दाखवलेच नव्हते. मात्र त्या ९१ जणांची संयुक्त तक्रार चालेल, असे सांगितले. म्हणजे सारे गाव जमले नाही, तरी दहा-बाराजण मिळून जाऊ शकतात.

त्यासाठी तयारी पेरणीच्या दिवसापासून हवी. पावती, पिशवी आणि तिच्यावरचे लॉट क्रमांकाचे लेबल जपून ठेवावे. उगवण झाली नाही, तर नांगर फिरवण्याआधी तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे अर्ज करून पंचनामा करून घ्यावा. तक्रार दोन वर्षांच्या आत, राहत्या जिल्ह्याच्या आयोगातच करता येते; मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही.

रोवणीला आपण एकमेकांच्या बांधीत उतरतो, कारण एकट्याने ती उरकत नाही. तक्रारीचेही तसेच आहे. न्यायालयांनी दार उघडे ठेवले आहे. पन्नास घरांतल्या पन्नास पावत्या एका पिशवीत गोळा करण्याचे काम मात्र कुठलेही न्यायालय करणार नाही. ते गावानेच करायचे आहे.