सॉफ्टवेअरच्या मोठ्या कंपनीत नोकरी : तयारी कशाची करायची आणि पैसे कशावर घालवायचे नाहीत



आपल्या कितीतरी घरांतली पोरं-पोरी आता इंजिनिअरिंगला आहेत. आईबापांचे प्रश्न दोनच असतात. गूगल, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉनसारख्या कंपनीत लागायला काय करावं लागतं? आणि किती पैसे लागतात? दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. या कंपन्या नोकरी देताना उमेदवाराकडून एक रुपयाही घेत नाहीत. पहिल्याचं उत्तर लांब आहे, म्हणून ही पोस्ट. पोरांनी तर वाचाच, पण आईबापांनीही वाचा. परीक्षा कशाची आहे हे माहीत असलं की पोरगं तासन्‌तास कॉम्प्युटरसमोर बसून काय करून राहिलं, ते कळतं.

📌 कंपन्या कुठं आहेत?
लांब नाहीत. आदिलाबादहून ४४ नंबरच्या हायवेनं हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर. मायक्रोसॉफ्टनं तिथं १९९८ मध्ये काम सुरू केलं, गूगलनं २००४ मध्ये. ॲमेझॉनची मोठी इमारत २०१९ मध्ये उघडली. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला हे हैदराबादचेच, आणि त्यांची इंजिनिअरिंगची डिग्री आयआयटीची नाही, मणिपालच्या कॉलेजची आहे. कॉलेज चांगलं असलं तर कंपनी दारात येते हे खरं, पण आतल्या खोलीत प्रश्न सगळ्यांना सारखेच.

📌 कॉलेजपर्यंतचे रस्ते
१) दहावीनंतर बासरची ट्रिपल आयटी (आरजीयूकेटी, २००८ पासून). आधी आपल्याच जिल्ह्यात होती, २०१६ ला जिल्हे वेगळे झाल्यावर निर्मलमध्ये गेली. दहावीच्या मार्कांवर प्रवेश, सहा वर्षांत बी.टेक.
२) इंटर करून ईएपीसेट (पहिले एमसेट म्हणायचे).
३) दहावीनंतर पॉलिसेट देऊन डिप्लोमा, मग ईसेट देऊन सरळ बी.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला.
फी परताव्यासाठी ई-पासवर अर्ज करावा लागतो. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला मी-सेवातून आधीच काढून ठेवा, शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका.

📌 कंपनीत परीक्षा कशी होते?
आधी एक पानाचा बायोडाटा. तो पसंत पडला तर कॉम्प्युटरवर टेस्ट, त्यात ठरलेल्या वेळेत प्रोग्राम लिहून दाखवायचे. त्यानंतर इंटरव्ह्यू, आणि तो एकदाच नसतो. साधारण तीन ते पाच वेळा, दर वेळी पाऊण ते एक तास. समोर कंपनीतलाच इंजिनिअर असतो. तो पाठ केलेलं विचारत नाही, एक गणित देतो आणि तुम्ही ते कसं सोडवता हे पाहतो.

एक उदाहरण सांगतो. समजा १,००० मासळ्यांची वजनं दिली आणि विचारलं, कोणत्या दोन मिळून बरोबर ५ किलो होतात? साधी रीत म्हणजे पहिली मासळी घ्या, बाकी सगळ्यांशी जोडी लावून पाहा. मग दुसरी, मग तिसरी. अशा जवळपास ५ लाख जोड्या तपासाव्या लागतात. शहाणी रीत म्हणजे हातात वही धरा. एक मासळी तोलली, २ किलो भरली. आता ३ किलोची आधी येऊन गेली का, ते वहीत पाहा. असेल तर जोडी मिळाली. नसेल तर २ लिहून पुढं चला. जास्तीत जास्त १,००० वेळा पाहिलं की काम खतम. कॉम्प्युटरमध्ये अशी वही असते की तिची पानं उलटावी लागत नाहीत, आकडा विचारला की लगेच सांगते. तिला हॅश टेबल म्हणतात.

मग तो विचारतो, वहीला जागा लागली त्याचं काय? दोन मासळ्यांचं वजन सारखंच असलं तर? यादी रिकामी असली तर? खरी परख इथं होते. वेळ वाचवला तर जागा किती गेली, याचा हिशेब तोंडानं सांगता आला पाहिजे.

📌 तयारीचा क्रम
१) एकच भाषा पक्की करा. पायथन, जावा किंवा सी प्लस प्लस, कोणतीही चालते. तीन भाषा अर्धवट येऊन उपयोग नाही.
२) डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम. अॅरे, स्ट्रिंग, हॅश टेबल, स्टॅक, क्यू, मग ट्री आणि ग्राफ, शेवटी डायनॅमिक प्रोग्रामिंग. क्रम मोडू नका.
३) रोज एक-दोन गणितं. लीटकोड, हॅकररँकवर पुष्कळ फुकट आहेत. अर्धा तास स्वतः झगडा, मगच उत्तर पाहा. पाहिलेलं गणित आठ दिवसांनी न पाहता परत सोडवा. एआयला विचारून उत्तर उतरवणारा इंटरव्ह्यूत दोन मिनिटांत उघडा पडतो.
४) एक खरं काम करून दाखवा. आपल्या सोसायटीचाच हिशेब घ्या. कोणत्या दिवशी किती किलो निघाले, भाव काय मिळाला, कोणाच्या वाट्याला किती. याचा प्रोग्राम करा. नकल केलेल्या दहा प्रोजेक्टपेक्षा लोक खरंच वापरतात असं एक बरं.
५) तिसऱ्या वर्षापासून इंटर्नशिपचे अर्ज टाका. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर जागा निघतात. चांगली इंटर्नशिप झाली तर नोकरीचा रस्ता तिथूनच निघू शकतो.

रोज दोन तास दिले तर दीड-दोन वर्षं लागतात. शेवटच्या महिन्यात रात्रभर जागून हे होत नाही.

📌 भाषेचं काय?
आपली पोरं घरी मराठी, गावात तेलुगू-हिंदी आणि वर्गात इंग्रजी बोलतात. इंटरव्ह्यू इंग्रजीत असतो आणि गणित सोडवताना तोंडानं बोलत राहावं लागतं. गप्प बसून बरोबर उत्तर लिहिलं तरी मार्क कमी पडू शकतात, कारण समोरच्याला विचार कसा केला हे कळत नाही. म्हणून आधी मराठीत बोलून सोडवा, आईला समजावून सांगा. मग तेच साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत. उच्चार साहेबासारखा नसला तरी चालतो, पण विचार स्पष्ट पाहिजे. दोन मित्रांनी आळीपाळीनं एकमेकांचा इंटरव्ह्यू घ्यावा, याला खर्च शून्य.

स्वभावाचेही प्रश्न असतात. भांडण झालं तेव्हा काय केलं? काम अंगावर घेऊन कसं पार पाडलं? ॲमेझॉननं तर त्यासाठी १६ तत्त्वं वेबसाइटवरच लिहून ठेवली आहेत. काय परिस्थिती होती, तुमचं काम काय होतं, तुम्ही काय केलं, शेवटी काय झालं, या क्रमानं चार-पाच खऱ्या गोष्टी तयार ठेवा. पहाटे बापासोबत जाळं ओढून मग कॉलेजला जाणाऱ्या पोराकडं अशा गोष्टी कमी नाहीत. लाजू नका.

📌 पैसे कशावर घालवू नका
⛔ "नोकरी पक्की, आधी डिपॉझिट भरा" म्हणणारा कोणीही असो, फोन ठेवा. कंपनीचा लोगो लावलेलं खोटं ऑफर लेटर कोणीही बनवू शकतं.
⛔ अमीरपेटमध्ये कोचिंगची दुकानं रांगेनं आहेत. सगळी वाईट नाहीत, पण कर्ज काढून किंवा दागिने गहाण ठेवून तिथं जायच्या आधी फुकटचं वापरून पाहा. एनपीटीईएल आणि स्वयम‌वर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स आहेत. शिकायला पैसे लागत नाहीत, सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची तरच फी.
✅ खर्च करायचाच तर एक चालता लॅपटॉप (जुना असला तरी बरा), इंटरनेट, आणि अभ्यासाला शांत जागा यावर करा.

शेवटचं. पहिल्या खेपेला बरेच जण पडतात. काही महिन्यांनी परत अर्ज करता येतो. तोवर लहान कंपनीत काम मिळालं तर घ्या, दोन वर्षांच्या अनुभवानं पुढचं दार सोपं होतं. पोराला नकार आला त्या दिवशी घरात कोणी "एवढे पैसे घातले" असं म्हणू नये, एवढी विनंती.

कोणाच्या घरी असं ऑफर लेटर आलं असेल तर पैसे भरायच्या आधी सोसायटीच्या ऑफिसात आणून दाखवा, मिळून तपासू. पोस्ट गावच्या ग्रुपवर पाठवा.

— सचिव