दमसासाची शिल्लक

चौलच्या दत्ताचा डोंगर मी लहानपणी एका दमात चढत असे. दोन वर्षांपूर्वी न्यूमोनियातून उठलो आणि थोड्याशा पायऱ्या चढून मटकन खाली बसलो. पायऱ्यांचं एवढं वाईट वाटलं नाही. रामेश्वराच्या देवळात सोमवारी आम्ही सातआठ जण भजनाला बसतो. तिथे माझा चरण मध्येच तुटू लागला, त्याचं वाटलं. पखवाजवाला माझा बालमित्र. मी अडखळलो की तो ठेका धरून थांबायचा. सांभाळून घेतायत हे आपल्याला कळतंच की!

“बेंबीच्या देठापासून गा,” हा सल्ला प्रत्येकाने दिला. मी पोट आत ओढून, छाती फुगवून गाऊ लागलो. दोन ओळींतच घाम फुटला. मग जरा वाचन केलं, तेव्हा कळलं की पोटात हवा जातच नाही. फुप्फुसांखाली श्वासपटल नावाचा घुमटासारखा स्नायू असतो. श्वास घेताना तो खाली उतरतो आणि पोट पुढे येतं. मी नेमकं उलटं करत होतो!

एरवी आपण एका श्वासाला अर्धा लिटर हवा आतबाहेर करतो. गाताना पुष्कळ जास्त लागते, आणि तीही क्षणात घ्यावी लागते. पण खरी कसोटी ती सोडण्यात. भरलेली फुप्फुसं आपोआप आकसू पाहतात. हवा एकदम सुटली तर पहिला स्वर फुकट जोरकस लागतो आणि शेवटचा कोरडा पडतो. म्हणून गवई बरगड्यांमधले स्नायू जरा ताणून धरतो आणि हवा हप्त्याहप्त्याने सोडतो. (जन्म बँकेत गेला, शब्द कुठून दुसरे आणू?) कितीही जोर लावा, लिटरभर हवा आत राहतेच. ती किमान शिल्लक. काढता येत नाही.

माझी भीती मात्र पुस्तकांनी नाही, कुमार गंधर्वांनी घालवली. मुंबईत ते बा. र. देवधरांकडे शिकले. आवाजाचा शास्त्र म्हणून विचार करणाऱ्या आपल्याकडच्या आरंभीच्या मंडळींतले हे देवधर मास्तर. 1948च्या सुरुवातीला कुमार क्षयाने आजारी होऊन देवासला गेले. एक फुप्फुस निकामी झालं. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. स्ट्रेप्टोमायसिनने ते वाचले, 1953मध्ये पुन्हा मैफलीत बसले आणि 1992 साली जाईपर्यंत गात राहिले. त्यांच्या त्या छोट्या, झेपावणाऱ्या स्वराकृती आजारातून आल्या असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. आजार कुणाला प्रतिभा देत नाही. पण तुटपुंज्या दमावर भरलेलं गाणं कसं उभं राहतं, ते त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून समजतं. श्वास घ्यायला ते थांबतात, ती जागासुद्धा गाण्यातलीच वाटते.

मग मी वाडीत सुपारीखाली चटई टाकली. उताणा पडून पोटावर पंचांग ठेवायचं, ते वर जाईल असा श्वास घ्यायचा आणि ‘स्स्’ करत सावकाश सोडायचा. सौभाग्यवती घड्याळ धरून बसते. नऊ सेकंदांवरून सतरावर आलो आहे. भजनाच्या वहीत पेन्सिलीने बारीक खुणाही केल्या : इथे श्वास, इथे नाही.

गेल्या सोमवारी दुसऱ्या चरणात, खुणेच्या जागी, मी श्वास घेतला. बालमित्र ठेका धरून थांबला नाही. तसाच पुढे निघाला, आणि मी त्याच्याबरोबर समेवर आलो.